मांजराचा खोकला म्हणजे दरवेळी केसांचा गोळा नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका घरातला बोका गेला. दोन-तीन आठवडे खोकत होता, घरच्यांना वाटलं सर्दी झालीये, घरात लहान मुलाचं सर्दी-तापाचं सिरप होतं त्यातलं त्याला सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड सुजलं, पंजे सुजले, हिरड्या चॉकलेटी दिसायला लागल्या, दवाखान्यात नेईपर्यंत खूप उशीर झाला होता आणि रात्री तो गेला. त्या घरातल्या ताई माझ्याकडे येऊन ढसाढसा रडल्या, म्हणाल्या अहो मी माझ्या लेकराला जे देते तेच त्याला दिलं. मला काय बोलावं तेच सुचेना, कारण त्याच्या काही महिने आधी मी पण माझ्या मांजरासाठी मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणायला निघाले होते आणि निव्वळ दुकान बंद होतं म्हणून परत आले होते. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं होईल पण कृपा करून छापा.

आधी त्या सिरपचंच सांगते. त्यात पॅरासिटामॉल असतं. माणसाचं लिव्हर ते पचवून बाहेर टाकतं, पण त्यासाठी लागणारं जे एन्झाइम असतं ते मांजराच्या लिव्हरमधे जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते औषध अंगात विष होऊन बसतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच जाते, हिरड्या तपकिरी पडतात त्या त्याच्यामुळे. 500 ची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घ्यायला पुरते, आणि मांजर लहान किंवा अशक्त असेल तर त्याहून कमीच. चुकून पोटात गेलीच तर वाट बघत बसायचं नाही, त्यावर उतारा म्हणून देतात ते औषध आहे पण ते लवकरात लवकर मिळावं लागतं. आयब्युप्रोफेन पण तसंच घातक. म्हणजे घरातल्या औषधांच्या डब्यातलं काहीही, अगदी थेंबभर सुद्धा, डॉक्टरला विचारल्याशिवाय मांजराला द्यायचं नाही.

आता आमच्या ठमीचं. ठमी चार वर्षांची, करड्या पट्ट्यांची, भांडुप स्टेशनजवळच्या मासळीवालीच्या टोपलीमागे सापडलेली. गेल्या श्रावणात ती पहिल्यांदा खोकली. म्हणजे तो खोकला आहे हेच आम्हाला कळलं नव्हतं. ती चालता चालता थांबली, चारही पाय दुमडून जमिनीला चिकटून बसली, कोपरं बाहेर काढली, मान पुढे सरळ ताणली एखादी वस्तू सोफ्याखाली बघत असल्यासारखी, आणि घशातून खर्र खर्र हॅक हॅक असा आवाज करत राहिली, वीस-पंचवीस सेकंद. मग काहीतरी गिळल्यासारखं केलं, ओठ चाटले आणि उठून निघून गेली जसं काही झालंच नाही. आम्ही सगळे म्हणालो अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांचा गोळा अडकला असेल. चार दिवसांनी परत. मग दोन दिवसांनी. मग रोज पहाटे.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे टेबलावर ठेवल्यावर ती अर्थातच खोकली नाही, एकदम गप्प. त्यांनी पण केसांचा गोळा म्हणून सांगितलं, एक ट्यूब दिली माल्टसारखी चाटवायची, एक इंजेक्शन दिलं. बरं वाटलं दहा दिवस. परत सुरू. परत ट्यूब, परत इंजेक्शन, असं चार महिने चाललं आणि एकदाही कुणी छातीचा एक्स-रे काढू म्हटलं नाही. आता कळतंय की त्या इंजेक्शनमधे बहुतेक स्टेरॉइड होतं म्हणून दहा दिवस बरं वाटायचं, पण तेव्हा आम्हाला काय माहीत, आणि आम्ही विचारलं पण नाही की हे इंजेक्शन कसलं. मी सगळ्यांना हात जोडून सांगते की विचारा, कागदावर लिहून घ्या, तुमचा हक्क आहे तो.

केसांचा गोळा आणि खोकला यातला फरक नंतरच्या डॉक्टरांनी मला इतका सोपा करून सांगितला की चार महिने आठवून रडू आलं. केसांचा गोळा येतो तेव्हा मांजर उलटी करत असतं, पोट जोरजोरात आत-बाहेर होतं, आणि थोड्या वेळाने काहीतरी बाहेर पडतं, ओला लांबट केसांचा पुंजका नाहीतर निदान फेस किंवा खाल्लेलं अन्न. खोकल्यात मान लांब होते, अंग जमिनीला टेकतं, आवाज छातीतून येतो आणि शेवटी बाहेर काहीच पडत नाही. बाहेर काही न पडता हे वरचेवर होत असेल तर तो खोकला धरूनच चला. आणि माणसांसारखा बदलत्या हवेचा साधा खोकला मांजरांना सहसा होत नाही हो. मांजराला सर्दी होते तेव्हा शिंका येतात, डोळे-नाक गळतं, पिल्लांमधे ते जास्त, ते बहुतेक वेळा हर्पिस नाहीतर कॅलिसी व्हायरसचं असतं आणि त्यासाठी साधारण आठव्या आठवड्यापासून लशी सुरू करतात. पण शिंका नाहीत, नाक कोरडं, आणि नुसताच खोकला महिनोनमहिने, तर ते फुफ्फुसाकडे किंवा श्वासनळ्यांकडे बोट दाखवतं.

डिसेंबरमधल्या एका रात्री दीड वाजता ठमी तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. कुत्रा धावून आला की जीभ काढून धापा टाकतो ते आपण रोज बघतो, मांजर तसं करत नाही. मांजराने बसल्या जागी तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली की ती इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नाही. आम्ही तिला टोपलीत घेतलं, रिक्षा मिळाली पण जे हॉस्पिटल रात्री उघडं आहे असं फोनवर कळलं ते शहरात आणि रिक्षा सायनच्या पुढे जात नाही हे मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, सायनला उतरून टॅक्सी शोधली, दोन टॅक्सीवाल्यांनी टोपली बघून नाही म्हटलं. तिसरे एक वयस्कर काका होते ते म्हणाले बसा ताई, माझ्याकडे पण दोन आहेत. त्या काकांना मी आयुष्यभर विसरणार नाही. माझ्या मांडीवर टोपली, तिच्या जाळीतून ठमीचं नाक, आणि हिरड्या नेहमी गुलाबी असायच्या त्या राखाडी झालेल्या. तिथे पोचल्यावर तिला आधी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, एक इंजेक्शन दिलं, आणि पहाटेपर्यंत कुणी तिला उगीच हाताळलं नाही, कारण दम लागलेल्या मांजराला घट्ट धरलं, उताणं केलं की त्याच घाबरण्याने ते जाऊ शकतं.

सकाळी तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला की खोकतानाचा व्हिडिओ आहे का. माझ्या मुलीने नशिबाने काढला होता. तीस सेकंदांचा तो व्हिडिओ बघून त्या म्हणाल्या हा केसांचा गोळा नाही, एक्स-रे काढू. एक्स-रेमधे श्वासनळ्यांच्या भिंती जाड झालेल्या, छोट्या छोट्या रिंगा असतात तशा दिसत होत्या. मग त्यांनी विचारलं ही पाली खाते का, पक्षी-उंदीर पकडते का. मी म्हटलं पाली तर रोजच. तर फुफ्फुसात होणारे एक जंत असतात, गोगलगाईतून पाली-उंदरांत आणि तिथून मांजरात येतात, त्यांचा खोकला पण अगदी असाच असतो, म्हणून शी तपासायला दिली आणि जंताचं औषध पण दिलं. शीमधे काही सापडलं नाही. दमा निघाला. मांजरांना दमा होतो, शंभरात एक ते पाच मांजरांना असतो असं त्या म्हणाल्या, आणि बऱ्याचदा दोन ते आठ या वयात सुरू होतो. बरा होत नाही पण ताब्यात राहतो. एक्स-रे अगदी स्वच्छ आला म्हणून दमा नाहीच असं पण धरता येत नाही हे सुद्धा त्यांनी सांगितलं.

आणि मग माझ्या भाच्यासाठी आणतो तोच पंप ठमीसाठी आला. लहान बाळांना लावतात तो मास्कवाला स्पेसर, म्हणजे औषध आत धरून ठेवणारी नळी, त्याच्या मागे इन्हेलर. रोजचा फ्लुटिकासोनचा, आणि दम लागला तरच वापरायचा साल्ब्युटामॉलचा निळा पंप. किती आणि कधी ते डॉक्टर ठरवतात, मी इथे मुद्दाम लिहीत नाही कारण कुणी वाचून स्वतःच सुरू करेल. पण एक सांगते, रोजचा पंप पहिल्या दिवशी काम करत नाही, नीट असर यायला एक-दोन आठवडे जातात, तोवर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात आणि त्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशा कमी करत आणायच्या. लोक चौथ्या दिवशी काही फरक नाही म्हणून पंप फेकून देतात.

मांजर मास्क लावून घेतं का असं मला सगळे विचारतात. घेतं. आम्ही पहिला आठवडा पंप लावलाच नाही, नुसता मास्क. मास्कच्या आतल्या कडेला भाजलेल्या जवळ्याचं बोट पुसायचं आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवून द्यायचं, ती येऊन नाक घालायची, चाटायची, झालं. मग एक सेकंद नाकावर टेकवायचा, मग दोन. आता सकाळी सात वाजता ती स्वतः येऊन स्टुलावर बसते. पंप दाबला की स्पेसरमधली छोटी पातळ पट्टी तिच्या प्रत्येक श्वासाला हलते, ती पट्टी बघत मी सात ते दहा श्वास मोजते, मास्क काढते, चिमूटभर जवळा देते. पूर्ण प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

श्वास मोजायचं तर प्रत्येक मांजरवाल्याने शिकायलाच हवं, त्याला पैसे पडत नाहीत. मांजर गाढ झोपलेलं असताना, गुरगुरत नसताना, छातीचं वर-खाली एकदा म्हणजे एक, असं घड्याळ लावून एक मिनिट. साधारण 15 ते 30 यायला हवेत. रोज 30 च्या वर जायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, आणि 40 च्या वर जाऊन पोटाने श्वास ओढत असेल तर टोपली उचला आणि निघा, निघताना हॉस्पिटलला फोन करून सांगा म्हणजे ते ऑक्सिजन तयार ठेवतात. आमच्या फ्रिजवर वहीचा कागद लावलाय, मुलगी रोज रात्री आकडा लिहिते. 22, 24, 21. तो कागद घेऊनच आम्ही तपासायला जातो.

आता घरातलं, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं पण लिहिते. डॉक्टरांनी विचारलं घरात धूर कशाकशाचा होतो. श्रावणापासून आमच्याकडे सासूबाई रोज संध्याकाळी धूप घालायच्या आणि ठमीची झोपायची जागा देवघराच्या खालच्या फळीवर. रात्री मच्छर अगरबत्तीची कॉइल, ती पण जमिनीवर, म्हणजे बरोबर मांजराच्या नाकाच्या उंचीला. एका कॉइलच्या धुरात जितके बारीक कण असतात ते 75 ते 137 सिगरेटींच्या बरोबरीचे असतात असं संशोधन 2003 मधे छापून आलेलं आहे, ते मला नंतर समजलं. त्यात बाथरूमला रूम फ्रेशनर, फरशीला वासाचं फिनाइल, आणि मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधे घालायला स्वस्तात मिळतं म्हणून आणलेलं मातीचं लिटर, जे ओतताना पांढरा धुरळा उडतो. सासूबाईंनी ऐकलं आणि त्याच दिवशी धुपाटणं माळ्यावर ठेवलं, म्हणाल्या देवाला निरांजन पुरतं. 78 वर्षांच्या बाईने एका मांजरासाठी पन्नास वर्षांची सवय मोडली. कॉइल बंद केली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, लिटर कमी धूळवालं आणलं, जाड झाली होती तर खाणं मोजून द्यायला लागलो कारण वजनाने पण दम वाढतो.

सासूबाईंच्या आणि शेजाऱ्यांच्या घरगुती उपायांचं पण सांगायला हवं कारण आपल्याकडे खोकला म्हटला की दहा जण दहा उपाय सांगतात आणि सगळे मायेनेच सांगतात. निलगिरीचं तेल छातीला चोळा, कापूर हुंगवा, ओव्याची धुरी द्या, हळद-दूध पाजा, अडुळशाचं सिरप द्या. निलगिरी आणि कापूर मांजराला विषारी आहेत, अंगाला लावलेलं ते चाटणारच, चाटून पोटात जाणारच. धुरी म्हणजे दम्याला आमंत्रण. दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते. बाम तर नकोच नको.

घराच्या आत आम्ही जमेल ते सगळं केलं. बाहेरचं काय करायचं? आमच्या समोर रिडेव्हलपमेंटचं काम चालू आहे. महापालिकेने ऑक्टोबर 2023 मधे बांधकामाच्या धुळीसाठी नियम काढले, उंच इमारतींना 35 फुटी पत्रे, बांधकामाभोवती ओलं हिरवं कापड, पाण्याची फवारणी, ट्रकची चाकं धुवायची. आमच्या समोर हिरवं कापड आहे, फाटून लोंबतंय, पाणी मारलेलं मी आठवड्यातून एखाद्या वेळेला बघते. ज्या दिवशी तोडफोड जास्त त्या रात्री ठमीचा आकडा वाढलेला असतो, आमच्या फ्रिजवरच्या कागदावर ते सरळ दिसतं. माझ्या भाच्याचा पंप पण त्याच दिवसांत जास्त लागतो. म्हणजे ही काही फक्त मांजराची तक्रार नाही, वॉर्ड ऑफिसने असल्या साइटवर माणूस पाठवून बघावं एवढी विनंती आहे. तसंच पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत धुराची फवारणी होते ती व्हायलाच हवी, पण आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर वेळ कळली तर आम्ही खिडक्या लावून घेऊ, दम्याची म्हातारी माणसं पण आहेत की.

दुसरी गोष्ट रात्रीच्या डॉक्टरांची. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल आहे, आपलं जुन्या लोकांचं बैलघोडा, शेजारी 1886 पासूनचं व्हेटरनरी कॉलेज. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल 2024 मधे सुरू झालं. या शहराला प्राण्यांची कदर पहिल्यापासून आहे. पण हे सगळं दक्षिणेला. भांडुप, मुलुंड, विक्रोळी, गोवंडी इथला माणूस रात्री दीड वाजता श्वास अडकलेलं मांजर घेऊन कुठे जाणार? पूर्व उपनगरात निदान एक जागा अशी हवी जिथे रात्री ऑक्सिजन आणि डॉक्टर आहे, महापालिकेने केली तरी चालेल, खाजगी डॉक्टरांनी आळीपाळीने केली तरी चालेल. आम्हाला सायनला टॅक्सी बदलण्यात जो वेळ गेला तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचं मांजर जाईल.

आणि मेडिकलवाल्या भावांना विनंती. कुणी येऊन म्हणालं मांजराला खोकला आहे काहीतरी द्या, तर काहीही देऊ नका, डॉक्टरकडे पाठवा. तुमच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी असं कुणीतरी येत असणार, आणि ते माणूस घाबरलेलं असतं, तुम्ही जे द्याल ते घेऊन जाईल.

ठमी आता बरी आहे. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी खोकते. परवा पहाटे चार वाजता खोकली तेव्हा घरातले चारही जण उठून बसले होते, मुलगी श्वास मोजत होती, 26 आले, मग आम्ही झोपलो.

बोका गेला त्या ताईंना मी हे पत्र आधी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या माझं नाव नको, पण सिरपचं सगळं छापायला सांगा, किती चमचे दिले ते पण.

आपली,
एक वाचक,
भांडुप (पूर्व), मुंबई